ब्रिस्टलचा तक्ता : काय दाखवतो, काय दाखवत नाही

मळ मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ रेंगाळेल तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. म्हणजे मळाच्या स्वरूपावरून आतड्याच्या गतीचा अंदाज बांधता येतो. या साध्या तत्त्वावरचा तक्ता लुइस आणि हीटन यांनी १९९७ साली ब्रिटनमधील ब्रिस्टल येथून प्रसिद्ध केला. त्यात सात प्रकार आहेत. पहिल्यात सुटे कडक खडे, चौथ्यात मऊ, गुळगुळीत, सलग मळ, तर सातव्यात निव्वळ पाणी. शौचाविषयी बोलायला लाजणाऱ्याला नुसते चित्रावर बोट ठेवता येते, ही तक्त्याची मोठी सोय. आरोग्याच्या तासाला तो वर्गात लावावा असे कुणाही शिक्षकाला वाटेल. मात्र त्याआधी त्यातल्या उणिवा पाहायला हव्यात.

पहिली उणीव अशी, की तक्ता पारखला गेला तो प्रौढांवर. मुलांना सात प्रकारांतले बारकावे ओळखणे जड जाते. म्हणूनच २०१० साली अमेरिकेत मुलांसाठी पाच प्रकारांचा तक्ता तयार करण्यात आला.

दुसरी उणीव भाषेची. मूळ तक्त्यातली उपमा आहे सॉसेजची. आपल्या बहुतेक मुलांनी तो पदार्थ पाहिलेलाही नसतो. पहिल्या प्रकाराला मराठीत शेळीच्या 'लेंड्या' म्हटले की दुसरे स्पष्टीकरण लागत नाही.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. एकदा दुखले की मूल शौच रोखून धरते. रोखल्याने मळ आणखी कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखते. साठलेल्या मळाने गुदाशय ताणला जातो आणि शौचाची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो व चड्डी खराब होते. हे चित्र तक्त्यावर शोधले तर बोट सहाव्या-सातव्या प्रकारावर, म्हणजे जुलाबावर जाते! प्रत्यक्षात तो बद्धकोष्ठच असतो. घरी जुलाबाचे औषध दिले जाते, शाळेत 'घाणेरडा' म्हणून हिणवले जाते. मुलाचा दोष मात्र काहीच नसतो.

उपाय म्हणून 'पालेभाज्या खा, भरपूर पाणी प्या' एवढेच सांगून आपण मोकळे होतो. वयानुसार पुरेसा चोथा आणि पाणी हवेच. परंतु बद्धकोष्ठावर उपचार म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त देण्याला पुरेसा आधार नाही, असे युरोप व अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांनी २०१४ च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. आधी साठलेला मळ औषधाने मोकळा करायचा, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान दोन महिने चालू ठेवायचे आणि हळूहळू कमी करायचे. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्या वेळी मुलाला पाच-दहा मिनिटे निवांत बसवावे. पोट फुगून उलट्या होणे, वजन घटणे किंवा मळातून रक्त जाणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

तक्ता अवश्य लावा, पण पातळ मळामागे बद्धकोष्ठ असू शकतो हेही सांगा. आणि शाळेच्या शौचालयाला कडी आहे का, आत पाणी आहे का, तास चालू असताना मुलाला जायची परवानगी मिळते का, हे एकदा स्वतः तपासा. मूल शौच रोखते ते पुष्कळदा शाळेतच.