चौकशीच्या वाक्यातील ‘मी’ : मस्तिष्कालेख-परीक्षा व पॉलीग्राफ यांचा तौलनिक विचार

पुणे येथील सत्र न्यायालयाने दिनांक १२ जून २००८ रोजी खुनाच्या एका खटल्यात दोघा आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. प्रसादातून विष घातल्याचा आरोप असलेल्या या खटल्यातील इतर पुरावा परिस्थितिजन्य होता. आणि न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी त्या पुराव्याच्या जोडीस मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून काढलेला निष्कर्षही ग्राह्य धरला. आरोपी विद्यार्थिनीच्या डोक्यावर ३२ विद्युदग्रे बसवून तिला घटनेविषयीची वाक्ये ऐकविण्यात आली होती. तिने उत्तर द्यावयाचे नव्हते. नुसते ऐकावयाचे होते. त्याच वर्षी पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. या प्रकरणाची चर्चा देशात व परदेशात पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी ‘यंत्र विश्वसनीय आहे काय’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. यंत्राला जे काही मोजावयाचे होते ते उत्पन्न करणारी वस्तू म्हणजे ऐकविलेली वाक्ये होत, आणि त्या वाक्यांची छाननी मात्र जवळजवळ झालीच नाही.

पॉलीग्राफ व मस्तिष्कालेख यांची तुलना सामान्यतः ज्या रीतीने केली जाते तिच्यातच एक गफलत दडलेली आहे. पॉलीग्राफ श्वास, रक्तदाब व त्वचेवरील घाम मोजतो, म्हणजे भीती मोजतो. मस्तिष्कालेख मात्र थेट मेंदू, म्हणजे ज्ञानच, मोजतो. सबब दुसरी परीक्षा पहिलीहून श्रेष्ठ, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकावयास सरळ वाटतो. परंतु त्यात अवयवांची तुलना केली आहे, परीक्षांची नव्हे. परीक्षेचे स्वरूप मुख्यतः प्रश्नाच्या रचनेवर ठरते. तो प्रश्न ऐकून शरीराच्या कोणत्या भागावरील हालचाल टिपावयाची, ही त्यानंतरची गोष्ट होय.

पॉलीग्राफच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. जॉन लार्सन याने १९२१ मध्ये बर्कली येथील पोलीस दलात हे यंत्र वापरात आणले. १९२३ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने फ्राय खटल्यात मार्स्टनची रक्तदाब-परीक्षा नाकारली, कारण तिला त्या शास्त्रक्षेत्रात सर्वमान्यता लाभलेली नव्हती. पुढे १९४७ मध्ये जॉन रीड याने नियंत्रण-प्रश्नांची पद्धत मांडली. तीत ‘तू चोरी केलीस काय?’ या प्रश्नाच्या शेजारी ‘आयुष्यात कधी दुसऱ्याची वस्तू घेतलीस काय?’ असा प्रश्न ठेवला जातो, आणि निर्दोष माणूस दुसऱ्या प्रश्नाने अधिक विचलित होईल असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मानवी स्वभावाविषयीचे आहे. आणि खुनाच्या संशयाखाली पकडलेल्या निरपराध माणसाला लहानपणी चोरलेल्या पेन्सिलीची अधिक धास्ती वाटावी, हे मानणे कठीणच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात या पद्धतीचा सैद्धान्तिक पाया दुबळा असल्याचे म्हटले ते उगाच नव्हे.

डेव्हिड लिकेन याने १९५९ मध्ये यंत्र तेच ठेवून प्रश्न बदलला. खरे की खोटे हे विचारावयाचेच नाही. गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा एक तपशील त्याच जातीच्या इतर तपशिलांत मिसळून एकामागून एक उच्चारावयाचा. खून कशाने झाला : कुऱ्हाडीने, कोयत्याने, दोरीने, दगडाने, की पहारीने? निर्दोषाला हे पाचही शब्द सारखेच. पाच पर्यायांचे असे सहा प्रश्न विचारले, तर प्रत्येक वेळी नेमक्या त्याच शब्दावर निर्दोषाची प्रतिक्रिया केवळ योगायोगाने सर्वाधिक होण्याचा संभव १५,६२५ मध्ये एक इतकाच उरतो. या पद्धतीचे सामर्थ्य पर्यायांच्या समतेत आहे. जपानमधील पोलीस-परीक्षक ही गुप्तज्ञान-परीक्षा पॉलीग्राफवरच नियमितपणे घेतात. म्हणजे ‘ज्ञान शोधणे’ ही काही मेंदूच्या लहरींची मिरासदारी नव्हे.

मस्तिष्कालेखाचा या क्षेत्रातील प्रवेश लिकेनच्याच वाटेने झाला. अर्थपूर्ण व विरळा असा उद्दीपक समोर आला असता सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर विद्युत्-आलेखात एक धन शिखर उमटते, हे सटन व त्याचे सहकारी यांनी १९६५ मध्ये दाखविले. त्यालाच पी-३०० म्हणतात. फारवेल व डॉन्चिन यांनी १९९१ मध्ये त्याचा उपयोग गुप्तज्ञान-परीक्षेत केला. येथे जे मोजले जाते त्याला आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यभिज्ञा असे नेमके नाव आहे : समोरचा उद्दीपक आणि पूर्वीचा संस्कार यांच्या संयोगाने ‘तोच हा’ असे जे ज्ञान होते ते. प्रत्यभिज्ञा आणि स्मृती यांत नैयायिकांनी भेद केला, कारण स्मृतीला समोर काही असावे लागत नाही. पी-३०० चा दावा प्रत्यभिज्ञेपुरताच असेल तर तो संयत आहे. हा शब्द या माणसाला ओळखीचा आहे, इतकेच तो सांगतो. ओळख कशी झाली, हातात कोयता धरून की वर्तमानपत्र वाचून, हे तो सांगत नाही. शिवाय असंबद्ध उद्दीपकांना मनातल्या मनात अर्थ देऊन, उदाहरणार्थ प्रत्येक वेळी पायाचा अंगठा गुपचूप हालवून, ही परीक्षा पुष्कळ अंशी चुकविता येते, हे रोझेनफेल्ड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. मेंदूला फसविता येत नाही, ही समजूत त्या प्रयोगाने तरी टिकू दिलेली नाही.

पुण्याच्या खटल्यात वापरलेली पद्धत हिच्याहून निराळी आहे. ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ या नावाची ही परीक्षा बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत काम केलेले चंपादी रामन् मुकुंदन यांनी सिद्ध केली. नुसती ओळख आणि प्रत्यक्ष कृतीतून आलेला अनुभव यांत भेद करता येतो, असा तिचा दावा आहे. दावा साधा नाही. प्रत्यभिज्ञेवरून उडी मारून ती अनुभवाच्या स्मृतीपर्यंत, आणि तेथून कर्तृत्वापर्यंत पोचू पाहते. एंडेल टल्व्हिंग याने १९७२ मध्ये प्रसंगस्मृती व अर्थस्मृती असा जो भेद केला त्याची येथे आठवण होते. परंतु तो भेद मांडणे निराळे आणि एका माणसाच्या एका वाक्यावरील प्रतिसादात तो वाचून दाखविणे निराळे.

ही उडी साधण्यासाठी उद्दीपक बदलावा लागला. शब्दाच्या जागी वाक्य आले, आणि वाक्यही प्रथमपुरुषी : आपण विष विकत घेतले, आपण अमक्यास अमुक ठिकाणी भेटलो, अशा अर्थाचे ‘मी’ने सुरू होणारे कथन. परीक्षकांच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा बदल असेल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे सर्वच बदलले.

कोयता, कुऱ्हाड, पहार यांची समता साधता येते. वाक्यांची समता साधणे अतिशय दुष्कर आहे. कुटास व हिलयार्ड यांनी १९८० मध्ये सिद्ध केले की, वाक्यातील एखादा शब्द अर्थाने अनपेक्षित असला की सुमारे ४०० मिलिसेकंदांवर मेंदूत ऋण लहर उमटते. म्हणजे वाक्य कळणे हीच एक विद्युत्-घटना आहे. शब्दाची वारंवारता, वाक्याची लांबी, आशयाची भीषणता यांपैकी प्रत्येक गोष्ट आलेखात आपला ठसा उमटविते. ‘आकाश निळे आहे’ आणि ‘मी त्याला विष दिले’ या दोन वाक्यांचे आलेख निराळे आले, तर त्यात नवल कसले? ते निरपराध श्रोत्याच्या बाबतीतही निराळेच येणार.

खरी अडचण ‘मी’ या शब्दाची आहे. ‘मी’ला स्थिर अर्थ नाही, जो उच्चारतो त्याच्याकडे तो निर्देश करतो. येस्पर्सन व याकोब्सन यांनी या सरकत्या निर्देशाचे विवेचन केलेले आहे. ध्वनिमुद्रित आवाज ‘मी विष घेतले’ असे म्हणतो तेव्हा व्याकरणदृष्ट्या विष त्या आवाजाच्या मालकाने घेतलेले असते. आरोपीने तो ‘मी’ स्वतःवर ओढून घ्यावा अशी अपेक्षा आहे. आणि ओढून घेणे ही मनाची एक कृती आहे. ती निर्दोष माणूसही करतो, कारण तसे करावयास त्याला सांगितलेले असते. वाक्य स्वतःला लावून पाहावयाचे म्हणजे तो प्रसंग क्षणभर कल्पावयाचा. अशा कल्पनेने उत्पन्न झालेली लहर आणि अनुभवाने उत्पन्न झालेली लहर यांच्यातील सीमारेषा कोठे आहे, हाच तर मूळ वादाचा विषय. तो गृहीत धरून परीक्षा उभी केली आहे.

मराठीत हा पेच अधिकच गुंतागुंतीचा होतो. ‘मी विष घेतले’ हा कर्मणी प्रयोग; क्रियापद विषाप्रमाणे नपुंसकलिंगी झाले, कर्त्याचा कोणताही मागमूस त्यात नाही, आणि प्रथमेचा ‘मी’ व तृतीयेचा ‘मी’ रूपाने एकच. सगळा भार त्या एकाक्षरी सर्वनामावर. याउलट ‘मी तेथे गेलो’ आणि ‘मी तेथे गेले’ यांत कर्त्याचे लिंग क्रियापदात उतरते. पुरुषाच्या आवाजात ‘मी गेले’ ऐकविले तर बोलणारा व बोललेले यांत विसंगती. ‘मी गेलो’ ऐकविले तर ऐकणाऱ्या स्त्रीशी विसंगती. हिंदीतही हीच गत. ही बाब क्षुल्लक नव्हे. व्हान बेरकुम व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डच भाषेतील प्रयोगांनी दाखविले की, बोलणाऱ्याच्या आवाजावरून अनुमानिलेले लिंग, वय वा सामाजिक स्तर यांच्याशी वाक्याचा आशय जुळला नाही, तर मेंदू ती विसंगती अत्यल्प काळात टिपतो, आणि शब्दार्थाच्या विसंगतीला देतो त्याच जातीचा प्रतिसाद देतो. योगायोग असा की हे संशोधन पुण्याच्या निकालाच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

या पद्धतीच्या समर्थकांकडून एक उत्तर संभवते, आणि ते न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. या परीक्षेत पोलिसांच्या कथनाबरोबर आरोपीच्या कथनावर बेतलेली वाक्येही ऐकविली जातात. तीही प्रथमपुरुषी असतात. तेव्हा ‘मी’चा दोष दोन्हीकडे सारखाच, सबब वजाबाकीत तो नाहीसा होतो. उत्तरात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. कोठडीतील माणसाने आपले कथन स्वतः अनेकदा सांगितलेले असते आणि पोलिसांचे कथन अनेकदा ऐकलेले असते. परीक्षेच्या दिवशी दोन्ही त्याच्या परिचयाची झालेली असतात, फक्त निराळ्या मार्गांनी. लिकेनच्या पद्धतीत तपशील आरोपीच्या कानावर आधी पडलेला नसणे ही पहिली अट आहे. जेथे आरोपपत्राचा सारांशच उद्दीपक होतो तेथे ती अट पाळणार कशी?

न्यायालयांच्या विचारातही ‘विधान’ या शब्दाने फार मोठे काम केले आहे. काठी कालू ओघड खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी ठरविले की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. साक्ष म्हणजे स्वतःच्या ज्ञानातील गोष्ट सांगणे. तेलगी मुद्रांक प्रकरणातून उद्भवलेल्या रामचंद्र रेड्डी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये असा पक्ष घेतला की, मेंदूच्या परीक्षेत आरोपी काही बोलतच नाही, म्हणून तेथे विधान नाही. हा पक्ष ध्वनीला भाषा मानणारा आहे. प्रश्नाला मान डोलावून दिलेले उत्तर हे जर उत्तर असेल, तर वाक्याला लहरीने दिलेला व परीक्षकाने ‘होय’ असा वाचलेला प्रतिसाद त्याहून निराळा कसा? सेल्वी खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच ओळखले. संमतीवाचून नार्को, पॉलीग्राफ वा मेंदूची परीक्षा घेणे राज्यघटनेच्या २०(३) व २१ या अनुच्छेदांविरुद्ध ठरले. स्वेच्छेने दिलेल्या परीक्षेचा निष्कर्षही पुरावा होऊ शकत नाही, मात्र तिच्यातून पुढे प्रत्यक्ष सापडलेली वस्तू वा माहिती पुराव्यात येऊ शकते, असेही ठरले. त्यासाठीचे पुरावा अधिनियमाचे कलम २७ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आले आहे. तत्पूर्वी २००८ मध्येच निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही मेंदू-परीक्षा शास्त्रीय पुरावा म्हणून वापरण्याजोगी नसल्याचे मत दिले होते.

तथापि सेल्वीच्या निकालातही एक बाजू मोकळी राहिली आहे. तपासाचे साधन म्हणून, संमतीने, या परीक्षा चालू राहू शकतात. आणि संमती व वाक्य दोन्ही भाषेतच दिली-घेतली जातात. छत्रपती संभाजीनगरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, न्यायसहायक विज्ञान शिकविणारी शासकीय संस्था आहे, आणि या सर्वांभोवती मराठी, दखनी व गोरमाटी बोलणारा समाज आहे. दखनीत प्रमाण उर्दूतील ‘ने’ची रचना सहसा आढळत नाही, ‘मैंने दिया’ हे वाक्य दखनीभाषकाला कळते, पण ते त्याचे नसते. तांड्यावरील माणसाला प्रमाण मराठीतील ‘मी’ हा शाळेतला किंवा कचेरीतला ‘मी’ वाटतो. अशा माणसाच्या मेंदूने अशा वाक्याला दिलेला प्रतिसाद अनुभवाचा, परकेपणाचा, की पोलीस चौकीतल्या भाषेच्या धास्तीचा, हे ठरविण्याचे कोणतेही साधन परीक्षकाच्या आलेखात नसते.

पॉलीग्राफच्या परीक्षेत निदान प्रश्न उघड असतो. आरोपीला ‘नाही’ म्हणता येते, प्रश्नाची भाषा न समजल्यास पुन्हा विचारता येते. मेंदू-परीक्षेत ऐकणाऱ्याला तोंड नाही. तेव्हा जोपर्यंत या परीक्षा तपासात चालू आहेत तोपर्यंत अहवालाला आलेखांबरोबर ऐकविलेल्या प्रत्येक वाक्याची मूळ संहिता, तिची भाषा व बोली, आवाज स्त्रीचा की पुरुषाचा, वाक्यांचा क्रम आणि प्रत्येक तपशील आरोपीला चौकशीत पूर्वी सांगितला गेला होता काय याची नोंद, ही जोडलेली असावयास हवी. आणि ती तपासण्याचे काम विद्युत्-आलेख वाचणाऱ्याकडे न देता व्याकरण जाणणाऱ्याकडे द्यावयास हवे.