रामसेसचा रिपोर्ट

शेलीची १८१८ सालची ‘ओझिमँडियस’ ही कविता मला आवडते, पण पटत नाही. वाळवंटात मोडका पुतळा, भोवती शून्य, म्हणजे गर्वाचं घर खाली. प्रत्यक्षात ज्याच्या नावाचं हे ग्रीक रूप आहे, तो दुसरा रामसेस ६६ वर्षं राज्य करून गेला आणि अबू सिंबेल, लक्सॉर, कर्नाकच्या भिंतींवर आजही ठाण मांडून आहे.

इ.स.पू. १२७४च्या सुमारास झालेल्या कादेशच्या लढाईचे त्याने कोरून घेतलेले वृत्तांत मी अनुवादातून वाचले. दोन हेरांच्या थापांना भुलून राजा हित्तींच्या कचाट्यात सापडतो. सैन्य पळतं. राजा आमुन देवाला हाक मारतो आणि एकटाच अडीच हजार रथांना पुरून उरतो. वाचताना ऑफिसातला एक आउटेज रिपोर्ट आठवला. त्यातही साहेबांनी एकट्याने सिस्टीम वाचवली होती. रात्रभर जागलेल्या टीममध्ये मी होतो.

लढाईनंतर कादेश हित्तींकडेच राहिलं. सुमारे पंधरा वर्षांनी दोन्ही राज्यांनी तह केला. त्याची हित्तींकडची प्रत तुर्कस्तानात बोगाझकोयला मातीच्या पाट्यांवर सापडली. तिथे दोन्ही राजे बरोबरीचे आहेत.

शेली गर्वाचा हिशेब काळावर सोपवतो. मला तो हिशेब या दुसऱ्या प्रतीने चुकता केलेला दिसतो. ‘पळालेल्या’ सैनिकांची बाजू मात्र कुणीच कोरली नाही.