दाराच्या पत्र्यातला पखवाज

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं : 50 वॅट गुणिले 4. गाडीला टेप घ्यायला गेलेला माणूस आधी तो आकडा वाचतो आणि दुकानदारही नेमकं त्याच आकड्यावर बोट ठेवतो. हिशोब शाळेतला आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण 14.4 व्होल्ट असतात. टेपमधला आयसी स्पीकरला जास्तीत जास्त तेवढाच धक्का देऊ शकतो. स्पीकर 4 ओहमचा. 14.4 चा वर्ग भागिले 8, म्हणजे जेमतेम 26 वॅट, तेही कागदावर. स्वच्छ आवाजाचे अठरा-वीस पदरात पडले तरी खूप. डब्यावरचे 50 हे आवाज पार फाटल्यानंतरचे. टेपच्या पाठीवरचा फ्यूज बघा, बहुतेकदा 10 अँपिअरचा निघतो. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144. एवढंच खाणाऱ्या यंत्रातून सलग 200 वॅट येणार कुठून?

यावर चिडायचं काही कारण नाही, कारण काचा बंद केलेल्या गाडीत अठरा वॅट पुष्कळ होतात. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने, म्हणजे ‘जरासा वाढला की’ असं वाटण्यापुरता. तेवढीच वाढ 88 ऐवजी 91 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडून फुकटात मिळते. तो आकडाही डब्यावर असतो, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

जिचं हे रसग्रहण आहे ती गाडी म्हणजे माझ्या भाच्याची जुनी डिझेल स्विफ्ट. एलडीआय, म्हणजे कंपनीने टेपच न दिलेली. केळना आणि धामणा नद्यांच्या संगमावरचं आमचं जाफराबाद तालुक्याचं गाव असलं, तरी गाडीच्या आवाजाचा शौक करायचा तर माणूस जालन्याला नाहीतर चिखलीला जातो. भाच्याचं काम गावातल्याच एका वायरिंगवाल्याने केलं. खर्च आठ हजार : टेपला साडेतीन, पुढच्या दारांतल्या साडेसहा इंची जोडीला अडीच, आणि राहिलेले दोन हजार अशा गोष्टींवर की ज्या काम संपल्यावर दिसतच नाहीत. माझ्या मते या कामाचं सगळं सौंदर्य त्या दोन हजारांत आहे.

आधी डॅशबोर्डातल्या खाचेबद्दल दोन शब्द. साधारण 180 बाय 50 मिलिमीटरचं ते माप मूळचं जर्मन मानकातलं, पुढे जगाने उचललं. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीत बसू लागला. फार तर वर एक प्लास्टिकची फ्रेम लावावी लागते, तशी स्विफ्टला लागली. बाजारातल्या टेपच्या तारांचे रंगही ठरलेले. पिवळी बॅटरीची, लाल चावीवर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. त्या रंगावर काळी रेघ असली की ती वजा. इंग्रजी पुस्तिका न वाचताही आमच्याकडचा पोरगा अर्ध्या तासात टेप चालू करतो ते या एकसारखेपणाच्या जोरावर. आताच्या गाड्यांत भला मोठा पडदा येतो आणि एसी, कॅमेरा सगळं त्यालाच बांधलेलं असतं. त्या गाडीत टेप बदलायची सोय उरलेली नाही. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला आलेलं हे एक सुख.

आता दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला सहज हात जाईल एवढी भोकं असतात, काचेच्या यंत्रासाठी ठेवलेली. त्यांच्यातून मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांचं यात फारसं बिघडत नाही, मरतो तो खर्ज. उघड्या दारात बसवलेला चांगला स्पीकर म्हणजे शाई न भरलेला तबला. दहा हजारांची जोडी लावूनही ‘बेस नाही’ म्हणणारे लोक दार न बघता स्पीकर बदलत राहतात.

वायरिंगवाल्याने दाराचं पॅड उतरवलं आणि आतला प्लास्टिकचा कागद सोलून काढला. पत्रा थिनरने पुसून ब्युटाइलची चंदेरी पाठीची शीट आधी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवली, मग भोकांवर. प्रत्येक तुकड्यावर तो लाकडी रूळ दाबून फिरवत होता आणि मधूनच बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहत होता. आधी ‘टण्ण’ येत होतं, शीट बसल्यावर ‘ठक’. तेवढ्यावर त्याचं समाधान. दाराच्या तळाशी पाण्यासाठी बारीक छिद्रं असतात, ती त्याने मोकळी सोडली. काचेवरचं पावसाचं पाणी दारात उतरतंच. छिद्रं बुजवली तर ते तिथेच साचतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो. बाजारात छपराच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी याच्या निम्म्या किमतीत येते. पुष्कळ जण तीच लावतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती पाघळून खाली उतरते आणि काच वर-खाली करणं अवघड होऊन बसतं. इथे पैसे वाचवू नयेत.

स्पीकरखाली बारा मिलिमीटर प्लायची रिंग, तिला दोन हात ऑइल पेंट. रिंगेमुळे स्पीकर पत्र्यावर डुगडुगत नाही.

मग मला सगळ्यात आवडलेला भाग आला. घड्याळातला असतो तसा साधा दीड व्होल्टचा सेल त्याने तारांच्या टोकांना क्षणभर टेकवला आणि स्पीकरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा बाहेर आला तर अधिक-वजा बरोबर, आत गेला तर उलटं. दोन्ही दारांना हे केलं. एका दाराच्या तारा उलट्या लागल्या तर डावा पडदा बाहेर येताना उजवा आत जातो आणि खर्ज पुन्हा गायब होतो. गाणं डोक्याभोवती भुतासारखं तरंगत राहतं, कुठे उभं आहे ते कळत नाही. सेलने ही तपासणी एका मिनिटाची आहे, आणि तरी फार थोडे लोक ती करतात.

जोड त्याने डाग देऊन केले, वरून स्लीव्ह चढवली. काळी टेप गुंडाळली की उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो, वर्षभरात तार उघडी पडते. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा पांढरा केला आणि वॉशर घालून बोल्ट आवळला. डिझेल इंजिनाची रेस वाढली की स्पीकरमधून जी बारीक ‘कुईं’ येते आणि इंजिनाबरोबर चढत जाते, ती अल्टरनेटरची असते. पुष्कळ वेळा तिचं मूळ सैल अर्थिंगमध्ये सापडतं. या गाडीत ती आली नाही.

आता ऐकणं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 ला. मोबाइलच्या स्पीकरवर ही तार नसतेच. तिच्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू ती कल्पनेने भरून काढतो. साडेसहा इंची स्पीकर बंद केलेल्या दारात तिच्यापर्यंत कसाबसा पोचतो. टेपमध्ये खालचे स्वर अडवायची सोय आहे : 50, 63, 80, 100 असे टप्पे. सगळे 80 ला ठेवतात. त्याने स्पीकर दमत नाही आणि आवाज मोठा करता येतो. आम्ही 63 ठेवलं. जोर थोडा कमी झाला, पण 69 ची ती तार अंग चोरून का होईना, आत आली. भीमसेनांचे अभंग लावले तेव्हा पखवाजाचं कणीक लावलेलं डावं तोंड पहिल्यांदा गाडीत ऐकू आलं. नुसता ‘धप्’ नाही, थापेनंतर मागे राहणारी ती ओली घुमक. टाळ त्याच्यावर वेगळे, आणि आवाज काचेच्या जरा आत, डॅशबोर्डाच्या मधोमध.

आवाज समोर राहावा म्हणून मागचे स्पीकर मुद्दाम टाकले नाहीत. मैफिलीत आपण गायकाकडे पाठ करून बसत नाही. आमच्याकडची रीत मात्र उलटी : मागच्या पार्सल ट्रेवर दोन लंबगोल स्पीकर, काचेवर स्टिकर आणि पुढच्या दारांत कंपनीचे कागदी पडदे. त्यात आवाज मागून येऊन मानेवर पडतो.

उणीव सांगायला हवी. दारातला स्पीकर पायाशी असतो, त्यामुळे त्याच्या पोटातल्या ट्विटरचे बारीक स्वर गुडघ्यावर आदळतात. तंबोऱ्याची जवारी जेवढी खुलायला हवी तेवढी खुलत नाही. ट्विटर वेगळा काढून काचेच्या खांबापाशी बसवणारी कंपोनंट जोडी घेतली असती तर हे सुटलं असतं, पण दीड-दोन हजार वाढले असते. आठ हजारांत तेवढं सोसावं.

भाच्याचा आग्रह वेगळा होता, बफरचा, म्हणजे सबवूफरचा. ‘‘मामा, बफर टाकू की! पैसे मी देतो.’’ त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गाडी साठ-सत्तरच्या वेगात आली की टायर आणि 1248 सीसीचं डिझेल इंजिन मिळून खालचे स्वर गिळतात. उभ्या गाडीत बरोबर वाटलेला बेस टेंभुर्णीच्या रस्त्यावर अर्धा होतो. त्यासाठी टेपवर लाउडनेसचं बटण आहे. आवाज हळू असताना कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं, त्याच तत्त्वावर ते चालतं. ते लावलं आणि भागलं. बफर घ्यायचा तर घ्यावा, पण दार झाल्यानंतर. मी त्याला ‘सैराट’ लावून दाखवलं. 2016 च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. आमच्याकडे वरातीत त्यातलं एकच गाणं वाजतं आणि त्यातलाही फक्त ठोका. त्या दिवशी व्हायोलिनांची अख्खी रांग ऐकून पोरगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बफरचं काढलंच.

‘जैत रे जैत’ची गाणी मी शेवटी ऐकली. 1977 चा सिनेमा, हृदयनाथांच्या चाली, आणि शब्द आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या डोंगरातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांचे. जुनं ध्वनिमुद्रण आहे, खर्जाचा थाट नाही. पण आशाताईंचा श्वास कुठे घेतला जातो ते कळतं, आणि आठ हजारांत एवढं कळत असेल तर काम पहिल्या वर्गाचं आहे असं मी म्हणेन.

तुम्ही टेप घ्यायला जाल तेव्हा दुकानदार आपल्या पेन ड्राइव्हमधलं गाणं लावील. त्या गाण्यात ठोके आणि टाळ्याच असतात, आणि त्यावर कुठलाही स्पीकर चांगलाच वाटतो. आपल्याला पाठ असलेलं एक गाणं सोबत न्या, तेही व्हिडिओवरून उतरवलेलं नको. हलक्या प्रतीच्या एमपी 3 मध्ये टाळांचा पार चिखल होतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला लागतो. 320 केबीपीएसचं न्या, जमलं तर सीडीवरून घेतलेलं. आणि पैसे देण्याआधी विचारा, दाराला शीट कुठली लावणार?