हिरवा दिवा आणि अनुपलब्धी

मोठ्या कंपनीत खरेदी, गोदाम, पगार, खातेवही हे सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. सॅप हे त्यातलं बहुतेकांना माहीत असलेलं नाव. त्याचे सर्व्हर नीट चाललेत ना, हे पाहायला डॅशबोर्ड असतो. त्यावर हिरवा दिवा दिसला की सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. आज आपल्याला बोलायचंय ते या ‘धरून चालण्या’बद्दल.

सॅपमध्ये एका स्क्रीनवरून पुढच्या स्क्रीनवर जाताना जे काम होतं, त्याला ‘डायलॉग स्टेप’ म्हणतात. तिच्या वेळेची सरासरी एका सेकंदाच्या आत असावी, असा दंडक रूढ आहे. सॅपच्या विक्री-वितरणाच्या प्रमाणित चाचणीतही हीच अट आहे. आता हिशेब करून बघू. शंभर स्टेप्स धरा. नव्व्याण्णव ०.२ सेकंदांत झाल्या, एकीला ४० सेकंद लागले. सरासरी किती? जेमतेम ०.६ सेकंद. दिवा हिरवाच! आणि हे ०.६ सेकंद त्या शंभरांतल्या एकाच्याही वाट्याला आलेले नाहीत, बरं का.

गूगलच्या अभियंत्यांचं ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ हे पुस्तक २०१६ साली आलं. देखरेखीवरच्या प्रकरणात ते विलंब, वर्दळ, चुका आणि क्षमतेवरचा ताण अशा चार खुणांवर लक्ष ठेवायला सांगतं, आणि सरासरी फसवते हेही बजावतं. पुस्तक चांगलंच आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोर आहेत त्या एकसारख्या लाखो विनंत्या. तिथे ‘नव्व्याण्णव टक्के इतक्या वेळात’ हे म्हणणं शोभतं. महिनाअखेरीला खाती बंद करणाऱ्या कचेरीत उरलेला एक टक्का म्हणजे नेमकी ती शेवटची नोंद असू शकते, जिच्यासाठी सगळे खोळंबलेत. टक्केवारी किती जण थांबले ते सांगते. कोण थांबलं, कशासाठी थांबलं, ते सांगत नाही.

याहून खोल दोष गिल टेने या अभियंत्यानं दाखवला. त्यानं त्याला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ म्हटलं. आम्ही त्याला संगनमतानं गाळलेली नोंद म्हणू. बघा, एरवी दर चार सेकंदांनी एक नोंद करणारा कारकून ४० सेकंद अडकला, तर त्या वेळात त्याच्या दहा नोंदी व्हायला हव्या होत्या. यंत्राला दिसली एकच. उरलेल्या नऊ सर्व्हरपर्यंत पोचल्याच नाहीत, मग त्यांचा विलंब मोजणार कोण? सर्व्हर जितका रखडतो, तितकी त्याच्या रखडण्याची साक्ष कमी होते.

आपल्या भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण अट अशी, की ती ‘योग्य’ अनुपलब्धी हवी: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हिरवा दिवा हे अभावाचं ज्ञान आहे, ‘बिघाड नाही’ असं. मग विचारायला हवं, बिघाड असता तर तो इथे दिसला असता का? सरासरीत तो विरघळतो. गाळलेल्या नोंदींत तो नाहीसाच होतो. आणि घड्याळ सुरू होतं तेही विनंती सर्व्हरच्या दाराशी पोचल्यावर. कारकुनाच्या टेबलापासून तिथवरचा प्रवास त्या आकड्यात नसतो.

आता हा कारकून फोन करून म्हणतो, “सिस्टम फार स्लो चाललीय.” त्याला उत्तर मिळतं, “आमच्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय.” संवाद संपला! एकाचं म्हणणं तक्रार ठरतं, दुसऱ्याचं पुरावा. नैयायिकांच्या लेखी आप्त तो, ज्यानं स्वतः पाहिलं आणि पाहिलं तसं सांगितलं. या प्रकरणात तसा माणूस एकच आहे. त्याचा फोन किती वाजता आला, कुठल्या स्क्रीनवरून आला, हे त्या आलेखावरच, त्या मिनिटाच्या खाली टिपून ठेवायला काय हरकत आहे? मग हिरवी रेघ आणि ती नोंद एकमेकींशेजारी दिसतील, आणि तपास तिथून सुरू करता येईल.