जिद्द, वसतिगृह आणि सुटलेली शाळा

एखाद्या साहित्यविषयक कार्यक्रमात माझी ओळख करून देताना निवेदक हमखास म्हणतात, 'शिरड शहापूरसारख्या गावात राहून यांनी केवळ जिद्दीवर अभ्यास केला.' टाळ्या पडतात आणि मला संकोच वाटतो. दहावीनंतर माझे शिक्षण थांबले ते जिद्द कमी पडली म्हणून नव्हे, शिकायच्या गावी राहण्याजेवण्याची सोय झाली नाही म्हणून. पुढे जे वाचले ते वाचनालयाच्या कपाटांमुळे. माझ्या वर्गातली, माझ्याहून हुशार दोन मुले त्याच वर्षी आईवडिलांबरोबर पुण्याला बांधकामावर गेली. त्यांची ओळख करून द्यायला कोणी निवेदक नाही.

'जिद्द' हा शब्द मराठी समीक्षेतही असाच वापरला जातो. दलित आत्मकथनांवरचे लेख वाचताना मला तो वारंवार भेटला. दारिद्र्य, अपमान, जिद्द, शिक्षण, लेखन अशी एक ठरलेली चढण आपण या पुस्तकांवर लादतो. माझे म्हणणे एवढेच, की याच पुस्तकांत मूल शाळेत कशामुळे टिकले याची तपशीलवार नोंद आहे, आणि आपण ती वाचलीच नाही.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) घ्या. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, ही त्याची रचना. समीक्षेने तिच्यात दुभंगलेले व्यक्तिमत्त्व पाहिले, ते बरोबरच आहे. पण दगडूपासून दया पवारपर्यंतचे अंतर तुटले कसे? मुंबईच्या कावाखान्यातल्या, चिंध्या-कागद वेचणाऱ्या बायाबापड्यांच्या त्या वस्तीतून या मुलाच्या वाट्याला पुढे संगमनेरचे बोर्डिंग आले. बोर्डिंग म्हणजे काय? दोन वेळचे जेवण, अंग टाकायला जागा, आणि संध्याकाळी कामाला न जुंपणारे छप्पर. त्या बोर्डिंगाकडे आपण कथानकातला एक मुक्काम म्हणून पाहतो. माझ्या मते पुस्तक लिहिले जाण्याची ती अट आहे.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) अट वेगळी आहे. वडील शिक्षक, मुलांनी शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट. त्यांच्या माघारी आई बांबूच्या टोपल्या-सुपे विणत राहिली. शीर्षकातले आयदान लेखनाचे प्रतीक म्हणून वाखाणले गेले. पण त्याआधी ते घरात येणारे पैसे आहेत, म्हणजे मुलीच्या शाळेची फी आहे. प्रतीकाच्या नादात हिशेब सुटतो, तो असा.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण सर्वांत बोलके. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने हे अनाथ पोर सांभाळले, शाळेत घातले. पुढे गंगाराम कोकणात परतले आणि आधाराबरोबर शाळाही सुटली. 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे शीर्षक आपण इतके डोक्यावर घेतले, की रस्ताच खरे विद्यापीठ असे म्हणून मोकळे झालो. हे वाचन आपल्या सोयीचे आहे. स्वतः सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, परीक्षा देऊन त्याच महापालिकेचे प्राथमिक शिक्षक झाले. ज्याने रस्त्याचे विद्यापीठ पाहिले, त्याने शाळेची पायरी पुन्हा गाठली. रस्ता पुरेसा असता तर त्यांनी ती खटपट केली नसती.

हे ज्यांना आधी कळले त्यांनी उपदेश केला नाही, सोय केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारायला हातभार लावला. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या आमच्या मराठवाड्याला वाट मिळाली. घड्याळ विद्यार्थ्याच्या पोटाशी जुळवणे, हा त्या काळचा मोठा शैक्षणिक विचार होता. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलनेही तेच सूत्र धरले : मूल वर्गापर्यंत येत नसेल तर वर्ग वस्तीत न्यायचा, बसमध्येही भरवायचा.

यावर आक्षेप येईल, की साहित्याची समीक्षा म्हणजे शिक्षणखात्याचा अहवाल नव्हे. मान्य. सोय सगळ्यांना मिळूनही सगळे लिहीत नाहीत. लेखकाचे श्रेय लेखकाचेच. पण आत्मकथन लिहितो तो टिकलेला. सुटलेला लिहीत नाही. त्यामुळे टिकलेल्याच्या गुणांवरून आपण सुटलेल्याचा दोष ठरवतो. वाचनातली ही चूक वर्गात आणि वस्तीत माणसांना भोवते. 'शिकायचेच असते तर शिकला असता,' हे वाक्य माझ्या त्या दोन वर्गमित्रांबद्दल मी कितीदा ऐकले आहे.

दिवाळी सरली की आमच्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला, नाहीतर शहरात बांधकामाला निघतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका बाईने मला विचारले, 'भाऊ, दाखला नाही मिळाला तर तिकडं पोरीला शाळेत घेतील का?' मी तिला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम समजावून सांगितले : दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. एका कागदावर ते लिहूनही दिले. तिने कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला आणि विचारले, 'अन् आम्ही कामावर गेल्यावर तिच्या धाकट्या भावाला कोण सांभाळंल?'

याला माझ्याकडे कलम नव्हते. त्या पोरीच्या जिद्दीबद्दल मात्र तिच्या आईला कसलीच शंका नव्हती. आत्मकथने पुन्हा वाचताना आता मी समासात एवढेच टिपून ठेवतो : या मुलाला कोणी जेवू घातले, ते कुठे झोपले, आणि धाकट्याला कोणी सांभाळले.