‘संयुक्त मानापमान’ आणि मंडळ्यांचा हंगाम

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’ची चर्चा बहुधा गायनाच्या चढाओढीपाशीच घुटमळते. बालगंधर्वांची भामिनी सरस की केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, हा वाद रंजक खरा. समीक्षेला त्याचा फारसा उपयोग नाही. विचारणीय आहे ती त्यामागील व्यवस्था. गंधर्व आणि ललितकलादर्श या मंडळ्या एकाच प्रेक्षकवर्गावर जगत. बिऱ्हाड, पगार, पडदे-पोशाख यांचा खर्च खेळ नसलेल्या रात्रीही चुकत नसे. म्हणून मुक्काम आणि तारखा परस्परांच्या सोयीने ठरविणे म्हणजे पदरचे उत्पन्न सोडणे होते. येथे ती अडचण उद्भवलीच नाही, कारण त्या रात्रीचे उत्पन्न दोघांपैकी कोणाचेच नव्हते. वाटून घ्यावयाच्या होत्या त्या भूमिका. या प्रयोगाला हंगामाच्या संयुक्त आखणीचा आरंभ मानणे म्हणूनच अतिशयोक्तीचे होय. तारखा समाईक व्हावयाच्या तर मिळकतीचाही काही समाईक हिशोब हवा. फंडाने तो प्रश्न एका रात्रीपुरता बाजूस ठेविला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले, त्यामुळे या जोडीकडून अधिक काही घडले असते काय, हा तर्कही फार लांबविता येत नाही.