राजाबाई मनोरा व एक गोड दंतकथा

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहावयास येणारास एक गोष्ट हटकून सांगण्यांत येते. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री राजाबाई अंध होत्या. जैन आचाराप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं भोजन उरकावयाचें, म्हणून त्यांस वेळ कळावी या हेतूनें पुत्रानें हें घड्याळ उभारविलें. गोष्ट गोड आहे आणि छापील पुस्तकांतहि शिरली आहे. परंतु गोडी हा पुरावा नव्हे.

प्रेमचंदांनीं १८६४ च्या ऑगस्टांत ग्रंथालयासाठीं २ लक्ष रुपये देऊं केले व ऑक्टोबरांत मनोऱ्यासाठीं आणखी २ लक्ष. मनोऱ्यांत मोठें घड्याळ व आनंदप्रसंगीं वाजवावयाच्या घंटांचा संच असावा आणि त्यास मातोश्रींचें नांव द्यावें, अशी त्यांची इच्छा होती. अंध वृद्धेस वेळ सांगावयाची तर एक घंटा पुरे. आनंदघंटा या नगरासाठीं असतात. शिवाय पायाचा दगड बसला १ मार्च १८६९ रोजीं व काम पुरें झालें नोव्हेंबर १८७८ मध्यें. मातेच्या रोजच्या जेवणाची सोय करण्यास चवदा वर्षें थांबणारा पुत्र आम्हांस तरी विलक्षण वाटतो. त्यांतून शेठजींचा बंगला भायखळ्यास, म्हणजे मनोऱ्यापासून सुमारें तीन मैल दूर.

याहून बळकट आक्षेप सूर्याचा आहे. त्या काळच्या मुंबई वेळेप्रमाणें मार्गशीर्षाच्या सुमारास सूर्य साडेपाचाच्या आधींच मावळे, तर ज्येष्ठ-आषाढांत साडेसहा उलटून जात. म्हणजे हिंवाळ्यांत सहाचे ठोके ऐकून जेवावयास बसणाऱ्या बाईंचा नेम रोज मोडला असता! पाव पाव तासाचे ठोके होतेच, असें कोणी म्हणेल. पण सूर्य केव्हां मावळावयाचा हें पंचांगावांचून ठोक्यांवरून कसें कळावें?

दंतकथेनें झाकून टाकलेली खरी हकीकत निराळीच आहे. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मुंबईंत मद्रास वेळ चालू करण्याचें ठरविलें. ती मुंबई वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें. लोकांस तें रुचलें नाहीं. १८८३ सालीं सरकारनें असा पेंच घातला कीं, हें घड्याळ मद्रास वेळ दाखवील तरच त्याच्या दिवाबत्तीचा खर्च सरकार देईल. सेनेटनें मुंबई वेळेच्याच बाजूनें कौल दिला. पुढें १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाण वेळ आली. ती मुंबई वेळेच्या ३९ मिनिटें पुढें. तरी मुंबईच्या नगरपालिकेनें १९५० पर्यंत आपली जुनी वेळ सोडली नाहीं. या मनोऱ्याचा इतिहास लिहावयाचा तर तो येथून लिहिला पाहिजे.

संग्राहकांस यांत प्रत्यक्ष काम आहे. १९५० पूर्वींच्या मुंबईकडील पत्रांत, लग्नपत्रिकांत वा सभांच्या जाहिरातींत आलेली वेळ आजच्या घड्याळाची समजून वाचल्यास सहज ३९ मिनिटांची चूक घडते. कोणत्या कागदावर कोणती वेळ छापली आहे, याची टिपणें आपापल्या संग्रहांतून करून ठेवावींत.

मनोरा पाहावयास जाणारांस एक सूचना. वरचा जिना सर्वांस खुला नाहीं, तेव्हां २८० फूट उंचीची ही इमारत रस्त्यावरून किंवा समोरच्या मैदानांतूनच पाहावी लागते. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानांत कधीं आले नाहींत, व मनोरा पुरा होण्यापूर्वींच १८७८ च्या मार्चांत वारले. लंडनच्या बिग बेनशीं जी तुलना सर्रास होते ती सैल आहे. बिग बेन हें मुळांत घंटेचें नांव, व तो मनोरा स्कॉट यांचा नव्हे. आमच्या मतें येथें खरें पाहण्याजोगें काम रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचें आहे: पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या २४ मूर्ति. परंतु त्या इतक्या उंच बसविल्या आहेत कीं साध्या डोळ्यांस पागोट्यांतील भेदहि नीट कळत नाहीं. २०१५ सालीं जीर्णोद्धाराचें काम पुरें झालें. आतां दगड स्वच्छ दिसतो. दुर्बीण घेऊन जावें, आणि ऊन कलतें असतां पश्चिमेच्या बाजूस उभें राहावें.